मॉरिशस : वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू

मॉरिशस हे नाव आपल्या कानांवर सहसा दोन निमित्तांनी पडते. एक सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून. तेथे निळे पाणी, पांढरी वाळू आणि नवविवाहित जोडपे असते. दुसरे वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर; तेथे परदेशी भांडवल ‘मॉरिशसमार्गे’ भारतात येत असते. उभे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत घालविलेल्या माझ्यासारख्याला हे दुसरे निमित्त अधिक परिचयाचे. परंतु कोडोली-वारणानगर परिसरातल्या माणसाला त्या बेटाशी जोडणारे एक तिसरे नाते आहे आणि ते या दोहोंपेक्षा जुने आहे. ते नाते उसाचे आहे.

गेल्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयता, माझे मेहुणे आणि त्यांचे कुटुंबीय असे सहाजण मॉरिशसला जाऊन आलो. मुक्काम नऊ दिवसांचा होता. त्यांपैकी तीन दिवस आम्ही शिडाच्या नौकेतून बेटाच्या तीन बाजू पाहिल्या. मोटारीतून पाहिलेले बेट आणि समुद्रावरून पाहिलेले बेट यांत फार अंतर असते, हे त्या तीन दिवसांत ध्यानी आले. जमिनीवरून समुद्र दिसतो. समुद्रावरून मात्र जमीन कोणाची आहे, तीवर काय उभे आहे आणि कोण कोठे राहते, हे एका नजरेत दिसते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढे राष्ट्र

मॉरिशसच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आत किनाऱ्यालगत उथळ, शांत, हिरवट-निळे पाणी राहते. जाहिरातींतले पाणी ते हेच.

बेटावर वर्षाचा बहुतेक काळ आग्नेयेकडून वारा वाहतो. त्यामुळे पूर्व व दक्षिण किनारा वाऱ्याच्या तोंडी येतो, तर पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला राहतो. ढग मधल्या पठारावर रिते होतात आणि पश्चिमेला पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गगनबावड्याचा पाऊस आणि शिरोळचा पाऊस एकाच जिल्ह्यात किती वेगळा असतो, हे आपण जाणतोच. तेथे ही तफावत अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरांत सामावली आहे. पठारावरच्या क्युरपीप गावी छत्री हाती असावीच लागते आणि पश्चिमेच्या तामारँ गावी उन्हात मिठागरे पिकतात.

नाविकांच्या भाषेत बेटाला दोन बाजू असतात : वाऱ्याकडची आणि वाऱ्याआडची. ही विभागणी हवामानाची खरी, पण त्या तीन दिवसांत मला ती बेटाच्या इतिहासालाही लागू पडताना दिसली.

पहिला दिवस : सहलीचे बेट, मृत्यूचे बेट

उत्तरेकडील ग्राँ बे या गावातून दोन सांगाड्यांच्या शिडाच्या नौका सुटतात. अशा नौकेला सर्वत्र ‘कॅटमरान’ म्हणतात. हा शब्द मूळचा तमिळ, ‘बांधलेली लाकडे’ या अर्थाचा. आमचा तांडेल पन्नाशीचा, आफ्रिकी वंशाचा, मितभाषी गृहस्थ होता. प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडताना त्याने इंजिन बंद केले व शीड उभारले. एकाएकी सर्व आवाज थांबला आणि केवळ पाण्याची सळसळ उरली. समोर क्वँ द मीर नावाचा पाचरीच्या आकाराचा उभा खडक, आणि त्यापलीकडे गॅब्रिएल व फ्लॅट ही दोन लहान बेटे.

गॅब्रिएल बेटावर सहलीच्या नौका नांगर टाकतात. पांढरी वाळू, पोहणारी मुले, भाजक्या मासळीचा धूर, संगीत. आम्ही आमचे शाकाहारी डबे घेऊन एका झुडपाच्या सावलीत बसलो. फ्लॅट बेटावरचा दीपस्तंभ समोर दिसत होता.

याच बेटांवर एकोणिसाव्या शतकात विलगीकरण केंद्र होते. भारतातून येणाऱ्या जहाजावर पटकी किंवा देवीची साथ आढळली, की प्रवाशांना मुख्य बेटावर उतरू न देता येथे ठेवीत. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील मजुरांना गॅब्रिएल बेटावर असेच उतरविण्यात आले. पुरेसा निवारा नाही, गोडे पाणी नाही, आणि दिवस चक्रीवादळांचे. शेकडो माणसे तेथेच दगावली. मॉरिशसशी कौटुंबिक नाते असलेले नोबेल पारितोषिकविजेते फ्रेंच लेखक ल क्लेझिओ यांनी या बेटांवरील विलगीकरणावर कादंबरीही लिहिली आहे. वाळूवर मात्र आम्हांला त्याची खूण सांगणारे कोणी भेटले नाही. दुपारी परतताना मी तांडेलाला इंग्रजीत विचारले, “येथे काय घडले होते, हे पाहुण्यांना सांगता का?” तो हसून म्हणाला, “साहेब, लोक पैसे देऊन आनंद घ्यायला येतात. विचारले तरच सांगतो.”

दुसरा दिवस : ल मोर्नचा पहाड

पश्चिमेकडील काळी नदी या अर्थाच्या नावाच्या गावातून आम्ही दक्षिणेला ल मोर्नपर्यंत गेलो. ही वाऱ्याआडची बाजू. पाणी तळ दिसेल इतके स्वच्छ आणि संथ. किनाऱ्याला लागून एकामागून एक हॉटेले, त्यांच्या गवती छपरांच्या खोल्या, हिरवळी आणि गोल्फची मैदाने.

येथे जमिनीचा एक कायदा आहे, त्याची दखल बँकवाल्याने घ्यावी असा. वसाहतकाळापासून किनाऱ्यालगतची सुमारे ८० मीटर रुंदीची पट्टी सरकारी मालकीची मानली जाते. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येते. वाळूचा पट्टा कायद्याने सर्वांचा. प्रत्यक्षात पट्टा हॉटेलांकडे गेला, की वाळूपर्यंत पोहोचण्याची वाट हॉटेलाच्या आवाराला वळसा घालून जाते. नौकेतून पाहताना हॉटेलांच्या लांबलचक आघाडीनंतर मध्येच एखादा सार्वजनिक किनारा दिसे. तेथे सुरूच्या झाडांखाली स्थानिक कुटुंबे पातेली, चटया आणि ढोलक घेऊन दाटीवाटीने बसलेली असत. मालकी सर्वांची आणि जागा थोड्यांना, हा हिशेब आपल्याकडील गायरानांच्या संदर्भातही अपरिचित नाही.

ल मोर्नचा पहाड समुद्रातून सरळ ५५० मीटरांहून अधिक उंच उठतो. पन्हाळ्याचा कडा पाहत वाढलेल्या माणसाची नजर त्याच्यावर खिळून राहावी असाच तो आहे. फ्रेंच राजवटीत मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून त्यांच्याकडून उसाचे मळे व बंदरे उभारली गेली. त्यांतले जे पळून जात, ते या पहाडाच्या कपारींत लपत. अशी लोकश्रुती आहे, की १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई पहाडाकडे येताना दिसले, तेव्हा आपल्याला पुन्हा पकडायला आले असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ साली युनेस्कोने या पहाडाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पायथ्याशी आज पतंगासारखे शीड धरून लाटांवर घसरण्याचा खेळ चालतो आणि जगभरचे तरुण त्यासाठी येतात.

एक आकडा येथे नोंदवून ठेवतो. गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने मॉरिशसमध्ये सुमारे २० लाख पौंडांची भरपाई दिली. ती गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली. त्या रकमेचा मोठा भाग पुन्हा उसातच गुंतला, कारण तोवर स्वस्त मजुरांचा नवा पुरवठा सुरू झाला होता. तो भारतातून होता.

सोळा पायऱ्या

राजधानी पोर्ट लुई येथे बंदराच्या कडेला ‘आप्रवासी घाट’ आहे. उंच काचेच्या इमारती आणि महामार्ग यांच्या मध्ये दडलेल्या या लहानशा जागेला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. जहाजातून उतरलेला मजूर सोळा दगडी पायऱ्या चढून आत येई, दोन दिवस छपराखाली काढी, त्याच्या नावाची नोंद होई, आणि मग एखाद्या मळ्याकडे त्याची रवानगी होई. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून आलेल्या ३६ जणांपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर आले. मुंबईहून निघालेल्यांत कोकणपट्टीतली मराठी माणसे मोठ्या संख्येने होती. कराराला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणत. आपल्या माणसांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले.

कराराची कलमे वाचताना माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. मुदत पाच वर्षे, ठराविक मासिक वेतन, शिधा, निवारा. कागदावर व्यवहार निर्दोष दिसतो. परंतु त्याला जोडून एक प्रथा होती : ‘डबल कट’. मजूर एक दिवस गैरहजर राहिला, तर दोन दिवसांचे वेतन कापायचे. आजारी पडलेल्याचे महिनाअखेरीस देणेच निघे. वेतन तो मिळवीत होता आणि वजावट त्याला बांधून ठेवीत होती. असा गैरव्यवहार इतका वाढला, की १८३० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून मजूर पाठविण्यावर काही काळ बंदीही आली होती.

हे वाचताना आपल्या भागात गळीत हंगामात ऐकू येणारे दोन शब्द आठवल्यावाचून राहिले नाहीत : ‘उचल’ आणि ‘खाडा’. मराठवाड्यातून येणारे ऊसतोड जोडपे, ज्याला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेते आणि ती फेडण्यासाठी तोडणी करते. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी या खाड्याची धास्तीही होती. आपल्याकडील मजूर कायद्याने मोकळा आहे, मतदार आहे, हंगाम संपला की आपल्या गावी जातो. गिरमिट्याची आणि त्याची स्थिती एक नव्हे. पण दंडाच्या हिशेबाची रीत दीडशे वर्षांनंतरही इतकी सारखी असावी, याचा विचार उसावर घर चालणाऱ्या आपणा सर्वांना करावयास हवा.

तिसरा दिवस : वाऱ्याच्या तोंडी

पूर्वेच्या त्रू दो दूस गावातून दक्षिणेला माहेबूरच्या उपसागरापर्यंतचा प्रवास हा तिन्ही दिवसांतला सर्वांत खडतर होता. वारा समोरून. नौका सरळ जाऊ शकत नव्हती; कधी डावीकडे, कधी उजवीकडे अशी नागमोडी वाट काढीत होती. माझ्या मेहुण्यांना मळमळू लागले, तेव्हा तांडेलाने त्यांना आल्याचा तुकडा चघळायला दिला. किनाऱ्यावर हॉटेले विरळ झाली आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत हिरवा ऊस पसरलेला दिसू लागला. तुरा आलेला, तोडणीला आलेला.

त्या उसात जागोजाग काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते, काही घराएवढे. मी प्रथम त्यांना जुन्या बांधकामांचे अवशेष समजलो. तांडेल म्हणाला, “हे तुमच्याच लोकांनी रचले.” जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. प्रथम गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी हातांनी दगड वेचून ढीग घातले, तेव्हा ती नांगराखाली आली. बेटावर त्यांच्या कष्टाचे याहून मोठे स्मारक मला कोठे दिसले नाही.

याच माहेबूरच्या परिसरात, प्वँत देस्नीजवळ, २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ हे तीनशे मीटर लांबीचे जपानी मालकीचे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले. मोबाईलचा संपर्क मिळावा म्हणून ते किनाऱ्याच्या फार जवळ आणले गेले, असे चौकशीत पुढे आले. जहाजाचा कप्तान भारतीय होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेल गळू लागले आणि सुमारे हजार टन काळे तेल त्या निळ्या पाण्यात पसरले. करोनामुळे पर्यटन आधीच थांबले होते. आता मासेमारीही थांबली.

त्या वेळी लोकांनी जे केले ते आपण लक्षात ठेवावे असे आहे. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो स्त्री-पुरुष किनाऱ्यावर जमले. कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्या शिवून, लांबच लांब तरंगते बांध तयार केले आणि तेल अडविण्यासाठी ते पाण्यात सोडले. तेल शोषण्यासाठी लोकांनी डोक्याचे केस कापून दिले. जे पाचट आपल्याकडे अनेक शेतांत आजही काडी लावून पेटवून दिले जाते, त्याने तेथे समुद्राचे काही अंशी रक्षण केले.

उपसागरात ईल ओ एग्रेत नावाचे लहान राखीव बेट आहे. डोडो हा पक्षी मॉरिशसचाच. माणूस बेटावर वसल्यापासून शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला. परंतु त्याच देशात १९७४ साली अवघे चार ज्ञात पक्षी उरलेला मॉरिशस खरूची हा लहान ससाणा माणसांच्या चिकाटीने पुन्हा शेकड्यांनी वाढला, आणि या राखीव बेटावर दुर्मीळ गुलाबी कबुतरे मोकळेपणी फिरताना दिसतात. जीवदयेचा संस्कार असलेल्या आपल्या घरांतील मुलांना डोडोबरोबर ही दुसरी गोष्टही सांगावी.

कास्कावेलची आजी

पश्चिमेच्या कास्कावेल परिसरात मराठी वस्ती व गणपतीचे देऊळ आहे. गणेश चतुर्थीनिमित्त मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय शिकविला जातो आणि मोका येथे २०२३ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभारला गेला. परंतु घरोघरी बोलली जाते ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचवर आधारलेली तेथील लोकभाषा. मराठी आडनावे आपल्याला ओळखू येत नाहीत. कारण नोंद करणाऱ्या कारकुनाने बापाचे नाव हेच आडनाव म्हणून लिहिले, आणि तेही ऐकू आले तसे.

एका परिचिताच्या ओळखीने आम्ही ज्या घरी गेलो, तेथे ऐंशी वर्षांच्या आजी आणि त्यांची शाळेत मराठी शिकविणारी नात होती. आजींना आरत्या पाठ होत्या. बोलणे मात्र नातीच्या मध्यस्थीने चालले. माझ्या पत्नीने नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यांनी हुंगून पाहिली आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांनी माझ्याकडे वळून काही विचारले.

नात म्हणाली, “काका, आजी विचारते, तुमच्या गावी ऊस आहे का?”

“ऊसच आहे,” मी म्हणालो. “गावाच्या चारी बाजूंना. शेजारीच कारखाना आहे.”

“आजी विचारते, मग तो तोडतं कोण? तुम्ही?”

“नाही. तोडणीला लोक बाहेरून येतात. लांबून, बीडकडून. बिऱ्हाड घेऊन येतात.”

नातीने ते सांगितल्यावर आजींनी हाताने छपराचा आकार करून पुढचा प्रश्न विचारला. नातीला तो सांगताना किंचित संकोच झाला. “आजी म्हणते, ते राहतात कशात?”

“कोपी असते. पालासारखी. शेताच्या कडेला.”

आजी काही वेळ बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी क्रिओलमध्ये जे सांगितले त्याचा आशय असा : त्यांची आजी मळ्यावरच्या अशाच चाळवजा खोपटांत जन्मली होती. त्या वस्तीला ‘कां’ म्हणत. घरातल्या कोणालाही त्या दिवसांबद्दल बोलायला आवडत नसे, मात्र मुलांनी शाळा चुकविली की आजी म्हणे, “कां मध्ये परत जायचंय का?” त्या एका वाक्यावर त्यांच्या घरात तीन पिढ्या शिकल्या.

हिशेबाची दुसरी बाजू

या बेटाची दुःखेच सांगितली तर लेख अपुरा राहील. १९६० च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसच्या भवितव्याबद्दल फार निराशेचे चित्र रेखाटले होते : एकच पीक, वाढती लोकसंख्या, अनेक वंशांचे लोक. पुढे नोबेल मिळविलेल्या या विद्वानाचा अंदाज त्या देशाने खोटा ठरविला. १२ मार्च १९६८ रोजी, म्हणजे दांडीयात्रेच्या स्मृतिदिनी, स्वातंत्र्य, १९७० पासून निर्यातीसाठी कापड उद्योग, मग पर्यटन, मग वित्तसेवा. भारताशी १९८२ साली झालेल्या करारामुळे तेथील कंपन्यांना भारतात शेअरवरील भांडवली नफ्यावर कर द्यावा लागत नसे आणि म्हणून भांडवलाची वाट पोर्ट लुईवरून जाई. २०१६ मध्ये त्या करारात बदल झाला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारताचा हक्क आला. तोवर त्या देशाने आपली बँकिंग व्यवस्था उभी करून घेतली होती.

ही प्रगती ऊस टाकून झालेली नाही, उसाच्या आधारावर झाली. १९७५ च्या करारान्वये युरोप दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर बाजारभावाहून चढ्या, ठरलेल्या दराने घेई. मळेवाल्यांनी तो नफा कापडगिरण्यांत आणि हॉटेलांत घातला. २००६ पासून युरोपने दर ३६ टक्क्यांनी उतरविले आणि २००९ मध्ये तो करारच संपला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेहून अधिक साखर कारखाने असलेल्या या बेटावर आता केवळ तीन उरले आहेत. ते कच्ची साखर विकून थांबत नाहीत. खास प्रतीची साखर, बगॅसपासून वीज, मळीपासून मद्यार्क असे सर्व काही काढतात. १९१९ पासून सर्वांची साखर एकच संस्था विकते. सहकाराच्या मातीत वाढलेल्या आपणास ही एकजूट ओळखीची वाटेल.

सामान्य गिरमिटिया वर आला तो जमिनीमुळे. १८७० च्या दशकानंतर साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे विकायला काढले. मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले. त्या एक-दोन एकरांतून मुलांची शिक्षणे झाली आणि त्या मुलांतून वकील, शिक्षक, मंत्री झाले. तरीही मोठे मळे आणि मोठे उद्योग यांचा लक्षणीय हिस्सा आजही लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास असलेल्या फ्रेंच वंशीय कुटुंबांकडेच आहे.

तेथील नोटा मी सवयीने निरखून पाहिल्या. चलनाचे नाव रुपया. इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी अक्षरे. २५ च्या नोटेवर चिनी वंशाचे नेते, १०० च्या नोटेवर तमिळ, २०० वर मुस्लिम, ५०० वर हिंदीभाषक, १००० वर क्रिओल आणि २००० वर राष्ट्रपिता रामगुलाम. सर्व समाजांना नोटेवर स्थान द्यावे, ही योजना मोठी समंजस वाटली. तिच्यातली किमतींची उतरंड मात्र कोणाच्याही लक्षात आल्यावाचून राहत नसेल.

आणि एक बाजू अशी, जिच्याकडे कोणतीही सहलीची नौका जात नाही. ईशान्येला दोन हजारांहून अधिक किलोमीटरांवर छागोस द्वीपसमूह आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ साली, ब्रिटनने तो तीस लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडला. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना हलविण्यात आले. त्यांतले बहुतेक पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली मॉरिशसच्या बाजूने मत दिले आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व सोपविण्याच्या करारावर स्वाक्षरी केली. घर सोडावे लागलेल्या पिढीतले बरेचजण तोवर हयात नव्हते.

आपल्यासाठी काय

आज मॉरिशसच्या कापडगिरण्यांत आणि बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून करारावर आणलेले कामगार आहेत. गिरमिटियांची पतवंडे आता त्या कामांना फारशी जात नाहीत, हे त्यांच्या उत्कर्षाचे लक्षण होय. परंतु कष्टाचे काम दुसऱ्या गरीब देशाच्या खांद्यावर सरकले, नाहीसे झाले नाही. पश्चिमेला वारा लागत नाही, याचे कारण पूर्वेकडचा डोंगर तो अंगावर घेतो. प्रत्येक समृद्ध गावाची, प्रत्येक सुखी घराची अशी एक वाऱ्याकडची बाजू असते.

आपल्या परिसराने तात्यासाहेब कोरे यांच्यासारख्या द्रष्ट्यांच्या प्रेरणेने सहकाराच्या बळावर जे उभे केले, ते मॉरिशसच्या मळेवाल्यांना जमले नाही : येथे कारखान्याचा मालक शेतकरी आहे. म्हणूनच जबाबदारीही आपली आहे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, साखरशाळांची कल्पनाही जुनी आहे. पण आपल्याच शेताच्या कडेला कोपी घातलेल्या बाईला पिण्याचे पाणी, शौचालयाची सोय आणि आजारपणात एक दिवसाची बिनदंडाची विश्रांती मिळते का, हे पाहायला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. शेतमालकाने मुकादमाला सांगितले, की “आमच्या फडात खाडा लावायचा नाही,” तर त्याचे वजन पडते. हंगामातील चार महिने त्यांची मुले गावच्या शाळेत बसवून घेण्यासाठी शाळा समितीतला एक आग्रही सदस्य पुरेसा असतो. पाचट न जाळता शेतात कुजविण्याला तर खर्चापेक्षा सवयीचाच अडसर अधिक आहे.

मॉरिशसला जरूर जावे. भारतीयांना तेथे प्रवेशासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. शाकाहारी माणसाची गैरसोय होत नाही. रस्त्याकडेला मिळणारी डाळपुरी पोटभर होते, कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र विचारून घ्यावे. वाऱ्याआडच्या बाजूला दोन दिवस राहिलात, तर एक दिवस पूर्वेच्या उसातले काळ्या दगडांचे ढीगही पाहून या. परत आल्यावर गळीत हंगाम सुरू झालेला असेल. बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग आपल्या दारावरून जाईल, आणि मोळ्यांच्या वर बसलेले एखादे मूल आपल्याकडे पाहील. त्याचे नाव काय, ते कोणत्या इयत्तेत आहे, एवढे तरी आपण विचारू शकतो.